मायच्या हातची जाजिकी

आमचं जुईनगरचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी. घरात माणसं तीनच, माय, अण्णा आणि मी, संगीता, पण माणसांच्या मानानं आवाज फार. सकाळी मायचा भाकरी थापण्याचा आवाज, मग अण्णांच्या जीपचं कुरकुरत चालू होणं, मग खालच्या नळावर बायकांच्या हंड्यांचा खणखणाट. दुपारी मात्र सोसायटी एकदम सुनसान व्हायची आणि खाडीकडून येणारा खारट वास खिडकीतून आत यायचा. परभणीकडच्या गावाहून आलेल्या मायला तो वास कधी आवडला नाही. "समुद्र हाय का लोणच्याची बरणी," असं ती म्हणायची. तिच्या स्वयंपाकघराला तिचा स्वतःचा वास होता: भाजलेल्या शेंगदाण्यांचा, ठेचलेल्या लसणाचा, आणि ज्या दिवशी शेपूची भाजी असेल त्या दिवशी शेपूचा. मला शेपू अजिबात चालायचा नाही. ताटात शेपू दिसला की मी पाणी पिऊन उठायची. मी हे आता पन्नाशी ओलांडून लिहितेय, आणि आज माझ्या गॅलरीत कुंडीत शेपू लावलेला आहे, यावरून पुढं काय झालं असेल याची थोडी कल्पना यावी.

अण्णा उरणकडच्या बंदरात एका जहाज एजंटकडे ड्रायव्हर होते. परदेशी जहाजावरची माणसं त्यांच्या जीपमधून ये-जा करायची, कुणाला विमानतळावर सोडायचं, कुणाला दाढदुखीसाठी डॉक्टरकडे न्यायचं. रात्री जेवताना ते त्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. कोण किती उंच होता, कोण गाडीत बसल्या बसल्या झोपला, कोणी मुलीचा फोटो दाखवला. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. "येस, नो, गो, स्टॉप, चाय" एवढ्यावर त्यांनी कितीतरी देशांची माणसं इकडून तिकडे पोचवली होती.

वाटायचं ते मला. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, मार्क चांगले पडले म्हणून वाशीच्या इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात गेलेली. तिथं वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. बाकीच्या मुली हसत हसत उत्तरं द्यायच्या आणि मी शेवटच्या बाकावर वहीत मान घालून बसायची. मला उत्तर येत असायचं, पण तोंड उघडलं की वाक्य घशातच अडकायचं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते वर्ष संपलं की कॉलेज सोडायचं असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

अशातच एका रात्री अण्णा जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच राहिले. मायनं विचारलं, "काय झालं?"

"एक खलाशी हाय वाशीच्या दवाखान्यात. ग्रीस देशाचा. जहाजावर स्वयंपाकी होता. शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. आपरेशन झालं, जहाज गेलं निघून, हा एकटाच मागं राहिला. आता खायचंच सोडलंय त्यानं. भिंतीकडं तोंड करून पडून असतो."

"दवाखान्यात काय देयलेत त्याला?"

"देतात की. डाळ, भाजी, इडली. पण एक घास खाल्ला की त्याला तिखट लागतं. ब्रेड बी नको म्हणायलाय. डाक्टर म्हणाला, असंच चाललं तर जखम भरायची नाही, पुन्हा चिरावं लागंल."

सकाळी माझ्या कॉलेजच्या पिशवीशेजारी एक डबा ठेवलेला होता. दहीभात आणि काकडीची कोशिंबीर. "तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच हाय दवाखाना," ती म्हणाली. "देऊन ये. सांग, तिखट नाही."

"माय, मला नाही जमणार. त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल."

"बोलू नको. डबा उघडून पुढं ठेव. भुकेल्याला काय भाषा लागती?"

तर अशी मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. पांढऱ्या भरगच्च मिशांचा, रुंद खांद्यांचा म्हातारा, पण गाल आत गेलेले. नाव सांगितलं स्टाव्रोस. मी डबा उघडून ठेवला आणि मायनं सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले. त्यानं भाताकडे पाहिलंही नाही. मग त्याची नजर कोशिंबिरीवर गेली. त्यानं चमच्यानं ढवळलं, काकडी उचलली, दही पाहिलं, आणि तोंडात घातलं. माझ्या लक्षात आलं की त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. मायची कोशिंबीर म्हणजे शेंगदाण्याचं कूट, साखर आणि वरून जिरं-मोहरीची फोडणी. त्याला वेगळंच काहीतरी आठवलं होतं आणि हे ते नव्हतं. त्यानं चमचा खाली ठेवला आणि एक शब्द उच्चारला. मला तो "जाजिकी" असा ऐकू आला.

"व्हॉट?" मी विचारलं. माझ्या आयुष्यात परक्या माणसाशी बोललेला पहिला इंग्रजी शब्द तो.

त्याचं इंग्रजीही मोडकंच होतं. "योगर्ट," तो म्हणाला, आणि हवेत काहीतरी जाड, घट्ट असल्यासारखा हात फिरवला. "नो वॉटर. कुकुंबर, नो वॉटर." मग त्यानं मूठ आवळली आणि एवढ्या जोरानं पिळली की दंडाची शीर दिसली. "गार्लिक. ऑइल. ऑलिव्ह. अँड..." इथं तो अडला. त्याला एक शब्द सापडेना. त्यानं बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले, वास घेतल्यासारखं केलं. "ग्रीन," तो म्हणाला. "स्मॉल, स्मॉल ग्रीन." त्याला शब्द सापडत नव्हते आणि मलाही, त्यामुळे मला त्याची भीती वाटेनाशी झाली. चुकलं तर हसणार कोण? मी पलंगाच्या कडेवर बसले आणि विचारलं, "शुगर?" तो इतक्या कळवळून "नो शुगर" म्हणाला की मला हसू आलं, आणि मग त्यालाही आलं. मागून सिस्टर म्हणाली, "अरे, ये तो हँसता भी है."

संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं, मूठ पिळण्यासकट. तिला त्याचं नाव काही म्हणता येईना. "तावरे म्हण की सरळ," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो आमच्या घरात तावरेभाऊ झाला. पण तिच्या कपाळावर आठी होती. शेंगदाण्याचं कूट नाही, साखर नाही, फोडणी नाही, मग त्याला कोशिंबीर म्हणायचं कशाला? "आणि दही घट्ट म्हणजे किती घट्ट?"

"चमचा उभा राहील एवढं."

"मग चक्का म्हण ना."

चक्का तिला ठाऊक होता. माझ्या वाढदिवसाला ती श्रीखंड करायची. तिनं म्हशीच्या दुधाचं दही लावलं, आजोबांच्या जुन्या धोतराचा मऊ झालेला तुकडा उकळत्या पाण्यातून काढला, दही त्यात बांधलं आणि गाठोडं मोरीच्या नळाला टांगलं. खाली पातेलं. थेंब पडायला लागले. आधी घाईघाईनं, मग सावकाश, मग इतके विसावून विसावून की आता पुढचा पडतच नाही असं वाटावं. त्या आवाजात मी अभ्यास केला आणि त्याच आवाजात झोपले. सकाळी गाठोडं अर्ध्यावर आलं होतं. मायनं ते सोडलं, बोटानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. खालचं निवळ पाणी तिनं फेकलं नाही, त्यात भाकरीचं पीठ मळलं. त्या भाकरीला जी चव होती ती नंतर कुठल्याच भाकरीला आली नाही, की तेव्हा भूकच तशी होती, सांगता येत नाही.

काकडीसाठी ती जवळच्या सारसोळे गावच्या बाईकडे गेली. आमच्या स्टेशनबाहेर ती टोपली घेऊन बसायची, सकाळी भाजी, संध्याकाळी सुकी मासळी. माय म्हणाली, पाणी कमी असलेली काकडी दे. त्या बाईनं टोपलीच्या तळातून कोवळ्या, बारीक काकड्या काढून दिल्या. "ही घे. हिला पानी कमी हाय. कोनाला देतस?" माय म्हणाली, "पाहुण्याला." काकडी किसून, मीठ लावून तिनं फडक्यात पिळली. पिळलेलं हिरवं पाणी मला प्यायला लावलं, आणि किस पुन्हा पिळला. अण्णा म्हणाले, "अगं, बस की, तेल निघंल आता त्यातनं." माय म्हणाली, "त्यानं मूठ आवळून दाखवलीय. उगाच नसंल दाखवली."

तेलाचा घोटाळाच झाला. ऑलिव्हचं तेल कुठल्याही किराणा दुकानात नव्हतं. अण्णांनी वाशीत विचारलं तर एका औषधवाल्यानं छोटासा पत्र्याचा डबा काढून दिला. लहान बाळांच्या मालिशीचं तेल. मायनं डबा हातात घेतला आणि परत ठेवला. "लेकराच्या अंगाला लावायचं तेल पोटात घालू?" मग मी डब्यावरचं सगळं वाचून काढलं, एकेक शब्द जुळवत, आणि तिला सांगितलं की हे खाता येतं असं इथं लिहिलंय. तिनं आधी स्वतः एक थेंब जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं, पण घातलं.

पहिल्या खेपेला लसूण जास्त झाला. तावरेभाऊंनी चार घास खाल्ले, डोळे पुसले, आणि "मामा व्हेरी स्ट्राँग" म्हणाले. दुसऱ्या खेपेला लसूण बरोबर होता, लिंबू बरोबर होतं, चक्काही बरोबर. त्यांनी वाटी संपवली. पण संपवताना ते पुन्हा नाकाशी बोटं नेऊन म्हणाले, "स्मॉल ग्रीन" आणि हताश होऊन हात सोडून दिला. मी घरी येऊन मायला म्हटलं, "एक पाला राहिलाय. बारीक. वासाचा. नाव त्यांना सांगता येत नाही."

"मग मी येते," माय म्हणाली.

माय कधी अण्णांशिवाय वाशीला गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं पांढरंनिळं पातळ नेसलं आणि एक फडकं काखोटीला मारलं. दवाखान्यात तिनं ते फडकं तावरेभाऊंच्या पलंगावर पसरलं आणि त्यातून एकेक काढायला लागली. कोथिंबीर, पुदिना, मेथी, चुका, कांद्याची पात, कढीलिंब, ओवा. बाजारातली प्रत्येक हिरवी पालेभाजी ती चिमूट चिमूट घेऊन आली होती. सिस्टर धावत आली, "ये क्या है, भाजी मार्केट है क्या?" माय शांतपणे म्हणाली, "एक मिनिट, बाई." आणि ती त्या म्हाताऱ्याच्या नाकाशी एकेक पान धरायला लागली. पुदिन्याला त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळेना अशी. कोथिंबिरीला नाही. मेथीला नाही. सिस्टरही रागवायचं विसरून बघत राहिली. शेवटी मायनं तळाशी राहिलेली जुडी काढली, जी मला घरात नको असायची ती.

तावरेभाऊंनी ती हातात घेतली आणि तोंडावर धरली. अख्खं तोंड त्यात बुडवलं. बराच वेळ त्यांनी ते बाहेर काढलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. माय हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, "शेपू. आगं, शेपूच की हा." तिच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. परभणीकडच्या आमच्या गावात जो शेपू बांधाला उगवतो, तोच शेपू समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर या माणसाच्या आईच्या अंगणात होता, आणि हे तिनं शोधून काढलं होतं. कुणाला न विचारता, शब्द न येता, निव्वळ वासावरून. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी ताठ बसली होती. "जग लई लांब लांब नाही, संगे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर डबा नेमानं जायला लागला. घट्ट चक्का, पिळलेली काकडी, खलबत्त्यात मिठाबरोबर ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला शेपू, लिंबू, आणि वर मालिशीच्या तेलाची धार. सोबत ज्वारीची भाकरी. तावरेभाऊ भाकरीचा तुकडा मोडून जाजिकीत बुडवायचे, अगदी आपल्यासारखे. पोटात अन्न जायला लागलं तसा रंग परत आला. जखम भरली, दुसरं आपरेशन टळलं. मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्याजवळ बसायची आणि आम्ही आपापल्या मोडक्या इंग्रजीत तासनतास बोलायचो. जहाजाबद्दल, वादळात भांडी कशी बांधून ठेवतात त्याबद्दल, त्यांच्या गावातल्या शेळ्यांबद्दल. मी रोज थोडी जास्त बोलत होते, हे माझं मला कळलंही नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना घरी पाठवायची तिकिटं होईपर्यंत थांबावं लागणार होतं. अण्णांनी विचारलं, जायच्या आधी काय बघायचंय, मुंबई दाखवू का. ते म्हणाले, "मामा हाऊस."

इथं मला आमच्या सोसायटीबद्दल सांगायला हवं. शेजारी वाईट नव्हते. एकमेकांची मुलं सांभाळायचे, आजारपणाला धावून यायचे. समोरच्या माने काकू तर, साताऱ्याकडच्या, मला लहानपणापासून वेणी घालून द्यायच्या. पण आमच्या घरचं शिजलेलं अन्न कुणी खायचं नाही. ते कुणी बोलून दाखवायचं नाही, फक्त व्हायचं नाही. बुद्ध पौर्णिमेला माय खीर करायची आणि प्रत्येक घरी वाटी द्यायची. सगळ्या हसून घ्यायच्या, वाट्या घासून परत यायच्या. एका वर्षी मी आणि मायनं गॅलरीतून पाहिलं, ती खीर फाटकाजवळच्या कुत्र्यापुढे ओतलेली होती. माय आत गेली आणि कामाला लागली. पुढच्या वर्षीही तिनं वाट्या दिल्या. का देतेस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी माझी रीत कामून सोडू?"

तर त्या रविवारी दुपारी जीप आली आणि कुबड्यांवर एक उंच, गोरा, मिशाळ म्हातारा उतरला. अख्खी सोसायटी खाली गोळा झाली. आमच्या खोलीत एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून अंगणातच खुर्च्या मांडल्या. मायनं भाकऱ्यांची परात आणली आणि मोठ्या पातेल्यात जाजिकी. तावरेभाऊ शेवटी स्वयंपाकी माणूस, समोर एवढे लोक रिकाम्या हातानं उभे, हे त्यांना बघवेना. "ईट, ईट," म्हणत त्यांनी वाट्या भरायला लावल्या आणि स्वतः एकेकीच्या हातात दिल्या. परदेशी पाहुण्याच्या हातून आलेली वाटी, नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी घेतल्या. पण खाल्ली कुणीच नाही. सगळ्या वाटी धरून उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

माने काकू पुढे झाल्या. त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता, हे मला आजही आठवतं. मला म्हणाल्या, "व्हय गं संगीता, हे साहेबांनीच केलं आसंल न्हवं? त्यांच्या देशाचं हाय म्हनं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. सगळ्यांनी खाल्लं असतं, वाहवा केली असती, पाहुण्याचा मान राहिला असता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हलकी मान डोलावली. जाऊ दे, असं. अण्णांचा सगळा जन्म जाऊ दे म्हणत माणसांना या टोकाहून त्या टोकाला पोचवण्यात गेला होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी माय बोलली. हातातली परात तिनं खुर्चीवर ठेवली होती.

"नाही काकू. मी केलंय. चक्का माझ्या मोरीत टांगला, काकडी मी पिळली, लसूण मी ठेचला. माझ्या घरात, माझ्या हातानं. ह्यायनं निस्तं खाल्लंय."

ती रागावलेली नव्हती. आवाज चढलेला नव्हता. कुणी भाजीचा भाव विचारावा आणि तिनं सांगावा, तसं सांगितलं. तावरेभाऊंना काहीतरी घडलंय एवढं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट मामा से?"

आणि मी, जिच्या घशात वर्गात वाक्य अडकायचं ती, सगळ्या सोसायटीसमोर मोठ्यानं म्हणाले, "शी सेज, आय मेड इट. इन माय हाऊस. विथ माय ओन हँड." शब्द कुठून आले मला माहीत नाही. एकही अडला नाही.

तावरेभाऊंनी गंभीरपणे मान हलवली, जणू यात नवल ते काय. त्यांना आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि मी कधी सांगितलंही नाही. त्यांनी आपली रिकामी वाटी मायपुढे धरली. मायनं ती भरली.

माने काकूंनी आपली वाटी कट्ट्यावर ठेवली. "मला दही सोसत न्हाई गं, सर्दी हुती," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघी गेल्या. त्यांची सून सुरेखा, नवीन लग्न होऊन आलेली, पदर सावरत तिथंच उभी होती. तिनं सासूच्या पाठीकडे पाहिलं. सासू जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली असं नाही, त्या अजून पायरीवरच होत्या, वळून बघू शकत होत्या, तेव्हाच तिनं परातीतली भाकरी मोडली, वाटीत बुडवली आणि खाल्ली. "वैनी," ती चावता चावता म्हणाली, "ह्यात शेपू हाय व्हय?"

"हाय की."

"मला शेपू कधी आवडायचा न्हाई." आणि तिनं पुन्हा भाकरी मोडली. मग तिच्या शेजारची खायला लागली, मग तिसरी. मीही घेतली. शेपूसकट पहिल्यांदाच मी जाजिकी खात होते. गार, घट्ट, लसणाचा झणका, आणि मागून हळूच येणारा तो वास, ज्याला मी इतकी वर्षं नावं ठेवत होते.

आज लोक मला विचारतात की तू बंदरातल्या कचेरीत, जिथं चहूकडचे खलाशी आणि कप्तान यायचे, तिथं एवढी वर्षं कशी टिकलीस, एवढं बोलायला कुठं शिकलीस. मी त्यांना कॉलेजचं नाव सांगते. ते खोटं नाही, मी कॉलेज सोडलं नाही, पुढच्याच आठवड्यात वर्गात हात वर केला आणि चुकीच्या इंग्रजीत बरोबर उत्तर दिलं. पण शिकले त्या अंगणात.

तावरेभाऊ गेले. अण्णांनी त्यांना विमानतळावर सोडलं, आणि आल्यावर जेवायला बसले. मग मायकडे न बघता म्हणाले, "मी जाऊ दे म्हणत होतो. तू बोललीस ते बरं केलंस." माय म्हणाली, "भाकरी घ्या." माने काकू आमच्याशी बोलेनाशा झाल्या, आणि ते मला खुपायचं, कारण वेणी घालणारे ते हात मला खरेच आवडायचे. मग सुरेखाला दिवस गेले. एका सकाळी दारात काकू उभ्या, हातात स्वतःच्या घरची वाटी. "सूनबाई काय बी खाईना झालीया," त्या उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या. "ते तुमचं दह्याचं पायजे म्हनती." मायनं वाटी घेतली, काठोकाठ भरली, वर तेलाची धार सोडली आणि परत दिली. मागचं काही काढलं नाही. काकू जायला वळल्या, थांबल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी बोट बुडवून चाखलं. "मीठ बरोबर हाय," म्हणाल्या.

मायनं नंतर चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणालाही जाजिकी करायला सुरुवात केली. मोठं पातेलं भरून, पुलावाबरोबर. आधी लोक बिचकले, मग मागून घ्यायला लागले. हळूहळू वस्तीतल्या बायका तिच्याकडून शिकल्या, त्यांच्याकडून त्यांच्या सुना-मुली. आता मायची बोटं सांधेदुखीनं वाकली आहेत, काकडी पिळता येत नाही, तरी जयंतीला मी तिला मांडवात खुर्चीवर नेऊन बसवते. यंदाही बसवलं. वाढायला एक कॉलेजातली मुलगी होती, चुणचुणीत, आम्हाला न ओळखणारी. तिनं मायच्या पत्रावळीवर जाजिकी वाढली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "आजी, साखर नाहीये हं यात. ही आपल्या मराठवाड्याकडची जुनी चटणी आहे, फार पूर्वीपासूनची. आता बाहेर मिळत नाही."

मी तोंड उघडणार होते. मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिनं भाकरी मोडली, बुडवली, चावून पाहिली, आणि त्या मुलीकडे वर बघून म्हणाली, "खरं हाय पोरी. आपलीच हाय. वाढ अजून."